डिस्चार्ज झाला आहे, सोडलेले नाही
पुण्यातल्या एका रुग्णालयात काकांच्या पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला सर्जन हसतमुखाने म्हणाले, "आज घरी जा." रुग्ण बरा झाला आहे की नाही हे डॉक्टर सांगतात, त्याला सोडायचे केव्हा हे मात्र तळमजल्यावरचा टीपीए डेस्क (म्हणजे विम्याचे दावे हाताळणारे टेबल) सांगतो, हे कॅशलेस विमा असलेल्या कुटुंबाला दुपारपर्यंत कळून चुकते.

डॉक्टरांची पाठ वळताच काकांच्या हातातली सलाइनची सुई निघाली आणि स्वयंपाकघराच्या यादीतून त्यांचे नावही निघाले. समोरच्या खोलीत मुगाची खिचडी गेली, तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून, मुहूर्त टळलेल्या नवरदेवासारखे पलंगाच्या कडेवर बसून होते.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यायची असते आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो. हा नियम मी डेस्कवर जरा रुबाबातच ऐकवला. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, ते तीन तास फाइल कंपनीकडे गेल्यावर मोजतात. फाइल अजून बिलिंगमध्येच आहे."

फाइल गेली आणि तिच्याहून चपळपणे कंपनीची क्वेरी परत आली: पित्ताशयातले खडे नेमके केव्हापासून आहेत? पोटातल्या खड्यांची जन्मतारीख कोणाकडे असते हे मला ठाऊक नाही. पण आजार पॉलिसीच्या आधीचा निघाला तर पैसे अडतात, एवढे ठाऊक होते. काकूंना ते ठाऊक नव्हते. "अहो, लग्नात जिलबी खाल्ली तेव्हापासून यांचं पोट दुखतंय," असे त्या डेस्कपाशी उत्साहाने सांगू लागल्या, तेव्हा मी त्यांना चहाच्या निमित्ताने कँटीनमध्ये नेले. (त्या दुखण्याचा खड्यांशी काही संबंध नव्हता, असे सर्जननी लेखी दिले.)

मंजुरी संध्याकाळी आली, ती कात्री घेऊनच. ५ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. त्या दराची खोली शिल्लक नसल्याने काका ७,००० च्या खोलीत होते. भाड्यातले वरचे २,००० आपण भरायचे, इतपत सामान्य माणसाला समजते. परंतु त्याच प्रमाणात सर्जनच्या फीचे आणि शस्त्रक्रियागृहाच्या आकाराचेही सातातले पाचच भाग मिळतात, म्हणजे खोलीत एसी बरा असला की टाकेही महागात पडतात, हे समजायला विमा कंपनीतच नोकरी करावी लागत असावी. हातमोजे आणि मास्क वगळलेलेच होते. वगळलेल्या वस्तूंत एक कंगवाही होता. काकांना पूर्ण टक्कल आहे; त्यांनी तो न वापरलेला कंगवा खिशात घातला आणि पावती मागितली.

गाडी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर पडते न पडते तोच काकांचा फोन वाजला आणि काकूंनी तो उचलला. विमा कंपनीतून कोणीतरी प्रकृतीची अत्यंत आपुलकीने चौकशी करत होते. "आता बरे आहेत हो," काकू म्हणाल्या, "नाहीतर लग्नात जिलबी खाल्ल्यापासून..."

काकांनी टाक्यांची पर्वा न करता पुढच्या सीटवरून मागे झेप घेतली.