मुखडा पकडणारा सोलो

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर याचे सर्वांत आवडते गिटार सोलो (गाण्यात गिटार एकटी पुढे येऊन वाजते ते भाग) कोणते, हा विषय आम्हा चार मित्रांत दर दीड-दोन वर्षांनी निघतो आणि दर वेळी कोल्हापुरातल्या रंकाळ्याच्या कठड्यावर रात्री उशिरा भांडणापर्यंत जाऊन थांबतो. गेल्या रविवारी तो पुन्हा निघाला. या वेळी वाद शिस्तीत व्हावा म्हणून प्रत्येकाने आपले पाच सोलो कागदावर लिहून आणायचे ठरले होते. चारपैकी तीन कागदांवर पहिल्या क्रमांकाला 'कम्फर्टेबली नम'च्या शेवटचा सोलो होता, आणि चौथ्या कागदावर, म्हणजे माझ्या, त्याच गाण्यातला पहिला. राजारामपुरीतल्या आमच्या मित्राने, जो स्वतः उत्तम गिटार वाजवतो आणि शिकवतोही, माझा कागद दोनदा वाचून विचारले, "अर्ध्या मिनिटाचा? अरे, चहा ओतेपर्यंत संपतो तो!" त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही, ते येथे देतो.

ज्यांनी पिंक फ्लॉइड फारसे ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगतो. 'कम्फर्टेबली नम' हे १९७९ साली आलेल्या 'द वॉल' या दुहेरी अल्बममधले गाणे. कडवी बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स गातो, ती बी मायनर या पट्टीत आहेत. ध्रुवपद गिल्मोर गातो, ते डी मेजरमध्ये आहे. पहिला सोलो ध्रुवपदाच्या कॉर्ड्सवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांवर) येतो आणि साधारण अर्ध्या मिनिटात संपतो. दुसरा कडव्याच्या कॉर्ड्सवर येतो, जवळजवळ दोन मिनिटे चालतो आणि विरत विरत गाणे संपवतो. या गाण्याच्या मांडणीवरून वॉटर्स आणि गिल्मोर यांच्यात बरीच खडाजंगी झाली होती. अखेर तडजोड अशी निघाली की गाण्याचा बहुतांश भाग मायकेल केमनच्या वाद्यवृंदासह ठेवायचा आणि शेवटचा सोलो मात्र गिल्मोरला हव्या असलेल्या रोखठोक, कमी सजावटीच्या ध्वनिमुद्रणातून घ्यायचा. त्यामुळे एकाच गाण्यातले हे दोन सोलो दोन वेगळ्या घरांत वाढलेल्या भावांसारखे वाटतात.

दुसरा सोलो मोठा आहे यात मला शंका नाही. तो कसा घडला हे गिल्मोरने स्वतः सांगितले आहे. पाच-सहा वेळा सलग वाजवायचे, मग प्रत्येक वेळचे ऐकत कागदावर मात्रांच्या रकान्यांत बरोबर-चूक अशा खुणा करायच्या आणि मिक्सिंगच्या टेबलावर एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर उड्या मारत चांगली वाक्ये जोडायची. आपण ज्याला एका दमात आलेला उद्रेक समजतो, तो मुळात असा निवडून ओवलेला हार आहे. कोणाला ही फसवणूक वाटेल, मला वाटत नाही. ज्याला स्वतःच्या वाजवण्यातले टाकाऊ ओळखता येते, त्याचेच टिकाऊ आपल्यापर्यंत पोहोचते. पुढे १९८० आणि १९८१च्या प्रयोगांत मंचावर उभारलेल्या त्या प्रचंड भिंतीच्या माथ्यावर उभा राहून तो हा सोलो वाजवत असे, आणि १९९४च्या 'द डिव्हिजन बेल' दौऱ्यात तो आणखी लांबला, आणखी भरदार झाला. जगभरच्या चाहत्यांच्या याद्यांत तो वर असण्याला हे चित्रही कारण आहे, असे मला वाटते. आपण तो सोलो नुसता ऐकलेला नाही. तो आपण भिंतीवर, प्रकाशात, गर्दीच्या डोक्यावर पाहिलेला आहे.

आता एक कबुली द्यायला हवी, कारण ती मी दिली नाही तर प्रतिक्रियांमध्ये तिघांपैकी कोणीतरी देणारच आहे. कॉलेजात असताना, १९९५ च्या सुमारास, मी गावातल्या एका दुकानात यादी देऊन साठ मिनिटांची कोरी कॅसेट भरून घेतली होती. एका बाजूला तीस मिनिटे. मी लिहून दिलेली गाणी होती 'टाइम', 'मनी', 'विश यू वेअर हिअर', 'मदर' आणि शेवटी 'कम्फर्टेबली नम'. ज्याने बेरीज करायची त्याने ती केली नाही, आणि मीही केली नव्हती. चार गाण्यांत साडेचोवीस मिनिटे गेली, पाचवे सुरू झाले, पहिला सोलो पूर्ण आला, दुसरा सुरू होऊन जेमतेम पाऊण मिनिट झाले आणि गिटार एका ताणलेल्या सुरावर असताना खट्कन बटण वर आले. तक्रार घेऊन गेल्यावर दुकानातल्या माणसाने शांतपणे सांगितले की गाणे तर पूर्ण झाले आहे, पुढे नुसते म्युझिक आहे. दुसऱ्या कॅसेटचे पैसे नव्हते, त्यामुळे पुढची अडीच-तीन वर्षे माझ्या लेखी 'कम्फर्टेबली नम'मध्ये एकच सोलो होता. माझी आवड या अपघातातून आली, असा आरोप त्यामुळे माझ्यावर कायम होतो आणि तो अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण माणसाला एखाद्या घरी चुकून नेऊन सोडले, तरी ते घर चांगले असू शकते.

त्या घरात मला काय सापडले ते आजोबांमुळे कळले. आजोबा देवल क्लबच्या मैफलींना जाणाऱ्यांपैकी होते. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, त्यामुळे जयपूर-अत्रौली गायकीचा अभिमान या गावातल्या त्या पिढीला घरच्या वारशासारखा होता, आणि आजोबांची गाण्याबद्दलची सगळी मते तेथूनच निघत. झोपाळ्यावर बसून त्यांना नाइलाजाने माझी कॅसेट ऐकावी लागे. 'टाइम'मधला सोलो संपून पुन्हा गाणे सुरू होते त्या ठिकाणी एका दुपारी त्यांनी झोपाळा पायाने थांबवला आणि म्हणाले, "बघ, मुखडा बरोबर पकडला त्यानं." त्यांना भाषा कळत नव्हती, गिटारचा तो चिरका फझ आवाज तर मुळीच आवडत नव्हता, पण वाजवणारा माणूस बाहेर कुठेही हिंडून आला तरी परतीची वाट विसरलेला नाही, एवढे त्यांनी अचूक ओळखले.

ख्याल ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. तान कितीही अवघड घ्या, बंदिशीचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी तिची सुरुवातीची ओळ, त्याच्या जागेवर हातात आला नाही तर ती तान म्हणजे नुसती कसरत. माझे म्हणणे एवढेच आहे की गिल्मोरचे सोलोही या कसोटीवर ऐकावेत. जो सोलो गाण्याच्या शेवटी येतो त्याला कोठेही परत जायचे नसते. तो आकाशात गेला तरी चालते, कारण ध्वनिमुद्रक हळूहळू आवाज कमी करून त्याची सुटका करतो. गाण्याच्या मध्ये येणाऱ्या सोलोला मात्र गाणे उसने मिळालेले असते आणि ते गायकाला परत करायचे असते. 'कम्फर्टेबली नम'चा पहिला सोलो सुरू होण्यापूर्वी गिल्मोर गाण्याच्या नावाची ओळ गातो आणि सोलो संपताच तीच ओळ पुन्हा गातो. मधल्या अर्ध्या मिनिटात गिटार ध्रुवपदाच्याच कॉर्ड्सवरून चालते, वरच्या लांब सुरावरून झरझर खाली उतरते, पुन्हा चढते आणि त्या ओळीच्या दारात अशी येऊन उभी राहते की गळा आणि तार यांच्यातला सांधा दिसत नाही. तो सोलो मी पूर्ण गुणगुणू शकतो. माझ्या आत्याने, जिला या बँडचे नावही ठाऊक नव्हते, तो चार-पाच वेळा कानावर पडल्यावर भाजी निवडताना आपोआप गुणगुणला होता.

'टाइम'बद्दल मात्र मला अधिक लिहायचे आहे, कारण माझ्या कागदावर तो दुसरा होता आणि मनात कधी कधी तो पहिला असतो. १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'मधले हे गाणे घड्याळांच्या गजराने सुरू होते. ते आवाज अॅलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपले होते. त्यानंतर ड्रमवादक निक मेसनच्या रोटोटॉम्स या ड्रम्सची बरीच लांबलेली प्रस्तावना, मग गिल्मोरच्या खरखरीत आवाजातले कडवे, मग कीबोर्डवादक रिक राइटच्या मऊ आवाजातला जोडभाग. म्हणजे गाण्यात दोन स्वभाव आहेत, एक चिडलेला आणि एक खंतावलेला. सोलो या दोन्ही स्वभावांमधून क्रमाने जातो. आधी कडव्याच्या कॉर्ड्सवर तो ओरडतो, तार ताणून धरतो, प्रतिध्वनीला आपल्यामागे उत्तर द्यायला लावतो. मग कॉर्ड्स जोडभागाच्या होतात, मागून स्त्रियांचे आवाज येतात आणि तीच गिटार, तोच फझ, पण वाक्ये लांब आणि समजूतदार होतात. हा बदल फार जण लक्षात घेत नाहीत, कारण पहिल्या चार सुरांनीच त्यांचे पैसे वसूल झालेले असतात. आणि मग, सगळा राग आणि सगळी खंत सांगून झाल्यावर, गिल्मोरचा तोच खरखरीत आवाज पुढचे कडवे उचलतो. आजोबांचा झोपाळा थांबला ती हीच जागा.

'मनी'चा हिशेब थोडक्यात देतो. हे गाणे सात मात्रांत चालते. रूपक ताल ज्यांच्या अंगात मुरलेला आहे त्यांना त्यात काहीच परके वाटणार नाही. डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटार आली की लय चारांत जाते, आणि गिल्मोर तीन फेऱ्या वाजवतो. त्यातली मधली फेरी कोरडी आहे, प्रतिध्वनी नाही, बाकीचे बँडही अंग चोरून वाजवते. गजबजलेल्या महाद्वार रोडवरून एकदम एखाद्या बोळात शिरल्यासारखे वाटते. त्या बोळामुळेच तिसरी फेरी इतकी अंगावर येते. आणि मग चारांतून पुन्हा सातांत परत जायचे असते, तेही सहज.

आमच्या वकील मित्राचा आक्षेप असा की या कसोटीवर 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' कोठेच बसत नाही, कारण तेथे गाणेच आठ मिनिटांनंतर सुरू होते. आक्षेप रास्त आहे. पण आलाप झाल्यावर बंदिश उशिरा येते म्हणून आपण आलापाला दोष देतो का? गाण्याच्या सुरुवातीच्या त्या चार सुरांच्या आकृतीशी १९७५ सालची एक घटना जोडली गेली आहे. बँडचा पहिला म्होरक्या असलेल्या ज्या सिड बॅरेटची आठवण या गाण्यात आहे, तो ५ जून १९७५ रोजी स्वतः अॅबी रोड स्टुडिओत आला होता, डोके आणि भुवया काढलेल्या अवस्थेत, आणि जुन्या सोबत्यांना सुरुवातीला तो ओळखू आला नाही. हे ठाऊक झाल्यावर ते चार सूर एकापुढे एक असे सुटे सुटे का येतात, हे मी कोणाला विचारलेले नाही. माझ्या कागदावर हा आलाप तिसरा आणि 'मनी' चौथा होता.

येथे वाद्याबद्दल एक गोष्ट. राजारामपुरीतला मित्र म्हणतो की खरी जादू त्या काळ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची. गिल्मोरने ती १९७० साली न्यूयॉर्कमध्ये घेतली, आणि २०१९ साली क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली; लिलावाचे पैसे त्याने पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. पण 'अनदर ब्रिक इन द वॉल'च्या दुसऱ्या भागातला सोलो त्याने सोनेरी लेस पॉल गिटारवर, तीही थेट मिक्सिंग टेबलाला जोडून वाजवला होता, आणि 'डॉग्ज'मध्ये टेलिकास्टर आहे. तरीही कोण वाजवतो आहे ते दोन सुरांत कळते, कारण ओळख तार ओढण्याच्या पद्धतीत आहे. तासाभरावर असलेल्या मिरजेत सतार घडवणाऱ्यांच्या कोणत्याही दुकानात जाऊन मींड कशी काढतात ते पाहावे: पडद्यावर दाबलेली तार बाजूला ओढत पुढचे सूर त्याच जागेवरून मिळवायचे. गिल्मोर तेच करतो आणि घाई करत नाही. वरच्या सुरावर पोहोचण्यापूर्वी खालच्या सुराला जो क्षणभर थांबा देतो, तो मित्राच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत येत नाही, हे मित्रानेच मान्य केलेले आहे.

माझ्या पाचव्या क्रमांकाने मात्र माझाच मुद्दा ढासळतो आणि तो मी लपवणार नाही. तेथे 'हाय होप्स' आहे, १९९४च्या 'द डिव्हिजन बेल'मधले शेवटचे गाणे. त्यातला लॅप स्टीलवरचा, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारवरचा, सोलो गाण्याच्या शेवटी येतो, कोठेही परत जात नाही, कोणताही मुखडा पकडत नाही. गाण्यात सुरुवातीपासून एकच घंटा वाजत असते, आणि सोलो विरल्यावर तीच उरते. या सोलोला मी माझ्या कसोटीतून का सोडतो, असे तिघांनी एका सुरात विचारले तेव्हा मी म्हणालो की येथे घंटा हाच मुखडा आहे. तिघेही बराच वेळ हसले.

शेवटी असे ठरले की मोबाइल खिशात ठेवून प्रत्येकाने आपला पहिल्या क्रमांकाचा सोलो तोंडाने म्हणून दाखवायचा. मी माझा अर्ध्या मिनिटात संपवला, एकही सूर न गाळता. मग राजारामपुरीतल्या मित्राने डोळे मिटून दुसरा सोलो म्हणायला घेतला, आणि मान्य करायला हवे की फार छान म्हटला. फेरफटका मारणारे दोघे-तिघे थांबूनही गेले. पाऊण मिनिट झाले असेल, तो त्या ताणलेल्या सुरावर पोहोचला आणि माझी मान नकळत वळली, जणू बटण वर येण्याचा आवाज येणार होता. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले, सूर तसाच अर्धा सोडला आणि म्हणाला, "मुखडा-बिखडा राहू दे भावा, तू आधी कॅसेट बदल."