पृथ्वीचा सातबारा

चतुर्थीला आमच्या मालवणच्या घरी अठ्ठावीस माणसं आणि टीव्ही एक. भजन झालं, उसळपाव संपला, पाऊस काय थांबायचं नाव घेईना, पोरं म्हणाली पिक्चर लाव, आणि मला काय दुर्बुद्धी झाली देव जाणे, मी ‘ज्युपिटर असेंडिंग’ लावला. वर फुशारकी पण मारली, की १९९९ चा तो ‘मॅट्रिक्स’ ना, त्याच वाचोव्स्कींचा हा २०१५ चा, कुठल्या पुस्तकावरून नाय, कॉमिकवरून नाय, गोष्ट पूर्ण स्वतःची, १७ कोटी डॉलरच्या वर खर्च केलाय. काका म्हणाले, "मगे बघूकच होयो." इथपर्यंत माझी अब्रू शाबूत होती.

तर गोष्ट अशी. शिकागोत लोकांचे संडास घासणारी एक मुलगी. तिची जनुकं हुबेहूब अंतराळातल्या एका मेलेल्या महाराणीची निघतात, म्हणजे तिकडच्या कायद्याने म्हातारीच परत जन्माला आली, म्हणून पृथ्वी हिच्या नावावर. म्हातारीला तीन पोरं, दोन मुलगे एक मुलगी, आणि पृथ्वी आतापर्यंत थोरल्याच्या ताब्यात. हे मी समजावून सांगितल्यावर ओटीवर जी शांतता पसरली तशी आरतीला पण नसते. कारण आमच्याच अकरा गुंठ्यांची केस काका विरुद्ध आत्या अशी वर्षानुवर्षं चाललीय. दोघं चतुर्थीला येतात, ओटीच्या दोन टोकांना बसतात आणि चहात साखर कमी आहे हे सुद्धा एकमेकांना तिसऱ्यामार्फत कळवतात.

"म्हंजे ही वारस," काका सरसावून बसले. "फेरफार झालो?"

मी म्हटलं, आधी माश्या ओळखतात. खरंच, पिक्चरमधे मधमाश्या राजघराण्याचं माणूस ओळखतात आणि हिच्याभोवती घुमायला लागतात, चावत वगैरे नाहीत. काका हसले नाहीत. माश्यांना मालक कळला असता तर आपल्याकडचे निम्मे दावे निकाली निघाले असते, असं काहीतरी पुटपुटले. मग कळतं की या खानदानाने पृथ्वीवर माणसांची लागवड केलीय, काजूची करतात तशी, आणि गर्दी पिकली की तोडणी करून तरुण राहायचा रस काढायचा, एका बाटलीला शंभरेक माणसं. काका दरवर्षी कोकमाचं आगळ काढतात. म्हणाले, "शंभर माणसांत एकच बाटली? उतारो कमी आसा."

मग आला पिक्चरमधला एकमेव अस्सल भाग. मुलगी वारस लावायला जाते आणि तिला या खिडकीतून त्या खिडकीत, हा कागद नाय, तो शिक्का नाय असं फिरवतात. आमच्याकडे टाळ्या! पण पाचेक मिनिटांत कागद तयार, पुढे परत मारामारी. इथेच माझं डोकं फिरलं. अहो, अख्ख्या पृथ्वीच्या वाटणीचा दावा हातात आहे तुमच्या, असला विषय कोणाला सुचत नाही, आणि तुम्ही काय दाखवता तर अर्धा लांडगा असलेला हीरो उडते बूट घालून बिल्डिंगांमधून पळतोय, पळतोय, पळतोयच.

थोरला मुलगा म्हणजे एडी रेडमेन. कुजबुजत बोलतो आणि मधेच किंचाळतो. काकीने विचारलं, "ह्येच्या अंगात कोण इलो?" मी सांगितलं की पिक्चर लागला त्याच फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या पिक्चरसाठी ऑस्कर मिळालं आणि पुढच्या वर्षी ह्याच्यासाठी सगळ्यात वाईट सहायक नटाचं रॅझी. काकीने ऑस्करवर विश्वास ठेवला नाही. तेवढ्यात धाकटा मुलगा जमिनीसाठी त्या वारस मुलीशी लग्न लावायला निघाला. म्हणजे हिशेबाने...

"आवशीवांगडा लगीन? शिरा पडो त्येच्या तोंडार!" काकी उठून माजघरात गेली.

थोरल्याचा कारखाना गुरूवरच्या लाल डागात. तो डाग म्हणजे वादळ, आपली पृथ्वी आत मावेल एवढं, ताशी ४०० किलोमीटरच्या वर वारे. २०२१ च्या तौक्तेत आमच्या गोठ्याचे पत्रे उडून शेजारच्या माडात अडकले होते, आणि हद्दीत पडले म्हणजे आपले असं शेजाऱ्याचं अजून म्हणणं आहे, आणि इथे आख्खी फॅक्टरी धूर काढत उभी.

१२७ मिनिटांचा पिक्चर, आम्हाला तीन तास झाले तरी संपेना, आणि शेवटची मारामारी रंगात आली नि लाईट गेली. गणपतीपुढची समई तेवढी. शेवट सांग म्हणाले सगळे, मग सांगितला. थोरला मरतो, धाकट्याचं लग्न मोडतं, पृथ्वी हिच्याच नावावर राहते, पण ही घरी कोणाला काय सांगत नाही, पहाटे उठून परत संडास घासायला जाते.

काका बराच वेळ गप्प.

"ती भयण रवली मा?"

"राहिली."

"मगे ती अपिलात जातली."

ओटीच्या त्या टोकाला, काळोखात, आत्या नुसती खाकरली.