८.९ चं ९.८ करा म्हणे!

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या हातात परवा संगणक-सुरक्षेच्या ऑडिटचा अहवाल पडला. परदेशी खरेदीदाराची अट, म्हणून पुण्याहून ऑडिटर. जाडजूड पीडीएफ आणि पहिल्याच पानावर लाल पट्टा: "क्रिटिकल. ओपनएसएसएच ८.९पी१ आढळले. तातडीने ९.८ वर न्यावे." ओपनएसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये लॉगिन करायचा प्रोग्रॅम. सर्व्हर उबंटू २२.०४ या लिनक्सचा. लाल रंग दिसल्यावर मालकाला पुढचं एक अक्षर दिसत नाही, आणि तो ओरडतो कुणावर हे सांगायला नको.

काय बे हे? जुलै २०२४ मध्ये निघालेली ओपनएसएसएचमधली ती भानगड (सुरक्षेचं भोक, नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७), तिचा पॅच (दुरुस्ती) उबंटूने ८.९पी१ मध्येच बसवून त्याच दिवशी सोडला. पॅकेज झालं ३उबंटू०.१०. पुढचा आकडा ८.९ च राहिला, कारण एलटीएस (दीर्घ मुदतीची आवृत्ती) म्हणजेच ते: आवृत्ती तीच ठेवायची आणि भोकं बुजवत राहायचं. बरं, हे शोधायला कुठे खोल जावं लागत नाही. पोर्ट २२ ला नुसती एनसी कमांड लावा, लॉगिनसुद्धा नको. सर्व्हर आपण होऊन सांगतो: "ओपनएसएसएच_८.९पी१ उबंटू-३उबंटू०.१३". म्हणजे ०.१० च्याही पुढचं. लाखो रुपयांच्या लायसन्सचा स्कॅनर त्या ओळीतल्या मधल्या जागेपर्यंत वाचतो आणि उरलेलं टाकून देतो! आतलं पाहायचं असेल तर उबंटूच्या पॅकेज-साधनाची, एपीटीची, कमांड एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर चालवा, येणाऱ्या बदलांच्या यादीत सीव्हीईचा नंबर शोधा. पाच सेकंदांचं काम. नाहीतर स्कॅनरला लॉगिन देऊन स्कॅन करा, म्हणजे तो बॅनरवरून (त्या ओळीवरून) अंदाज न बांधता पॅकेजची यादी उबंटूच्या ओव्हल डेटाशी (कुठलं भोक कुठल्या पॅकेजात बुजलं त्याची नोंद) ताडून बघेल. नाही. ऑडिटरचा हट्ट: "रिपोर्टमध्ये व्हर्जन बदललेलं दिसलं पाहिजे."

मग कुणीतरी शहाणा निघतोच. सोर्स उतरवतो, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. नवं एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हरवरचा भाग) जातं यूएसआर-लोकल-एसबिनमध्ये, सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीची सर्व्हिस मात्र यूएसआर-एसबिनमधलं जुनंच चालू करते. बॅनर बदलत नाही, म्हणून हा गडी सर्व्हिस फाइलमध्ये हात घालतो. कॉन्फिग आता यूएसआर-लोकल-ईटीसीमधली वाचली जाते, म्हणजे पासवर्डने लॉगिन बंद, ठरावीक युजरनाच प्रवेश, हे जे काही घट्ट केलेलं होतं ते सगळं हवेत. जुनी फाइल तिथे नेऊन ठेवली तर 'यूजपॅम' ओळीवर तक्रार (पॅम म्हणजे लॉगिन तपासणारी लिनक्सची व्यवस्था), कारण कॉन्फिगर करताना विथ-पॅम द्यायचं राहिलं. पॅमच नाही म्हटल्यावर त्यावर बसवलेला ओटीपीही गेला. वर ९.८ पासून एसएसएचडीचे दोन तुकडे झालेत, लॉगमध्ये नाव येतं एसएसएचडी-सेशन. चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना अडवणाऱ्या जुन्या फेलटूबॅनच्या फिल्टरला ते नाव ओळखू येत नाही, तो गप्प बसून राहतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे इथून पुढे ओपनएसएसएचमध्ये काहीही निघो, एपीटी या बायनरीला हात लावणार नाही. आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स रोज चालणार, यूएसआर-एसबिनमध्ये झोपलेल्या जुन्या फाइलला इमानेइतबारे पॅच करणार. अहवालात मात्र हिरवा पट्टा, खरेदीदार खूश.

ऑडिटरला शिव्या देऊन झाल्या. आता आपल्या लाडक्या डिस्ट्रोवाल्यांकडे (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्या बांधणाऱ्यांकडे) वळू, कारण त्या बिचाऱ्याला गोंधळात पाडण्यात यांचाही अर्धा वाटा आहे. तोच बग घ्या. उबंटू २०.०४ मध्ये ८.२, रेड हॅटच्या आरएचईएल ८ मध्ये ८.०, दोघंही सुरक्षित, कारण तो बग ८.५पी१ मध्ये परत शिरला. म्हणजे जुनं ते सुरक्षित. डेबियन १२ मध्ये ९.२पी१, शेपटीला डेब१२यू३ किंवा पुढचं असेल तर सुरक्षित, यू२ असेल तर नाही. आरएचईएल ९ चा बॅनर तेव्हा नुसतं ८.७ म्हणायचा, शेपूट दाखवतच नव्हता, तिथे आरपीएम पॅकेजचा चेंजलॉग उघडण्यावाचून इलाज नव्हता. वर रेड हॅटने स्वतःचा एक ऑडिटचा (लॉगिनच्या नोंदी ठेवण्याचा) पॅच त्यात घातला होता, त्यातून सीव्हीई-२०२४-६४०९ हा वेगळाच बग निघाला. मूळ ओपनएसएसएचला त्याचा पत्ताच नाही, कारण ती करणी त्यांची नव्हेच. एकाच प्रोग्रॅमचा एकाच आठवड्यातला प्रश्न, आणि दर डिस्ट्रोला उत्तर वेगळं.

असल्या घरगुती पॅचांचा बाप म्हणजे डेबियनचं ओपनएसएसएल, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या बनवणारी लायब्ररी. २००६ मध्ये व्हॅलग्रिंड या चुका शोधणाऱ्या साधनाची कुरकुर बंद करायला म्हणून ओळी काढल्या, आणि १३ मे २००८ ला कळलं की यादृच्छिकतेला फक्त प्रोसेसचा नंबर उरलाय. ३२,७६८ शक्यता. दीड वर्षाहून जास्त काळ डेबियन आणि उबंटूवर बनलेल्या किल्ल्या एका यादीत मावत होत्या! २०२४ च्या एक्सझेड (फाइल दाबून लहान करायचं साधन) प्रकरणातही वाट तीच. मूळ ओपनएसएसएच एक्सझेडच्या लिबएलझेडएमए लायब्ररीला शिवत नाही. काही डिस्ट्रोंनी सिस्टमडीला 'मी उठलो' कळवायला लिबसिस्टमडी जोडली, तिच्यामागून लिबएलझेडएमए आत आली, आणि तिच्या पाठीवर बसून बॅकडोअर, म्हणजे चोरदार.

आता कुणीतरी उठून म्हणणार, याच फुटाफुटीमुळे आपण वाचलो. खरं आहे, म्हणूनच जास्त चिडचिड होते. बॅकडोअरवालं एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ पोचलं ते डेबियन टेस्टिंग, फेडोराच्या कच्च्या आवृत्त्या वगैरेंपर्यंत. स्टेबलवाले जुन्यावर रेंगाळले म्हणून सुटले. हल्ला करणाऱ्याला शंभर तऱ्हेची मशीनं त्रास देतात, हे मान्य. पण भोक बुजवणाऱ्यालाही तीच शंभर मशीनं त्रास देतात, आणि बुजवणारा सोलापुरात बहुतेक ठिकाणी एकच असतो. तोच प्रिंटरही बघतो.

यावर उपाय म्हणून सगळ्या डिस्ट्रो मोडीत काढून एकच सुरक्षित डिस्ट्रो आणायची, चादर ओएस, असा बेत डोक्यात येतो. डेबियनवर बेतलेली, वॉलपेपरवर सिद्धेश्वर तलाव. लोगोपर्यंत विचार पोचतो तेव्हा लक्षात येतं की याआधीच्या प्रत्येक डिस्ट्रोवाल्यानेही असाच दात-ओठ खात लोगो काढला असणार. जाऊ दे.

तसल्या वॉलपेपरवाल्या डिस्ट्रो तर बोलूच नयेत. पानिपतची चादर सोलापुरी म्हणून खपवावी तसं उबंटूवर स्वतःचं लेबल. दोन माणसं चालवतात, त्यातल्या एकाचं लग्न ठरलं की अपडेट बंद. आणि लिनक्स मिंटसारख्या नावाजलेल्यांचीही साइट २० फेब्रुवारी २०१६ ला फोडून बॅकडोअरवाली आयएसओ (डिस्ट्रो बसवायची फाइल) लावलीच होती. फाइल अस्सल आहे का ते चेकसमने तपासा म्हटलं की पोरं हसतात. काली, म्हणजे हॅकिंगच्या चाचणीसाठीची डिस्ट्रो, रोजच्या वापराला टाकणारी पोरं ती हीच.

आणि आरएचईएलचं फुकट भावंड, सेंटओएस ७! ३० जून २०२४ ला त्याचे अपडेट संपले. ईआरपी बसवून गेलेला वेंडर अजून म्हणतो, "चाललंय ना? मग हात लावू नका." तिथली अपडेटची कमांड, यम अपडेट, मिररलिस्ट सापडत नाही म्हणून रडतं, मग कुणीतरी रेपोचा पत्ता बदलून व्हॉल्ट घालतं. यम हसत सांगतं, अपडेट करण्यासारखं काही नाही. नसणारच! व्हॉल्टमध्ये जुनी पॅकेजं जपून ठेवलीत, नवे पॅच तिथे येत नाहीत. हाच वेंडर एसईलिनक्स हे सुरक्षेचं कुंपण बंद करायला लावतो, कारण त्याला उबंटूचं तसलंच ॲपआर्मर येत नाही आणि एसईलिनक्सही येत नाही. कर्नलचं तर नावच काढू नका. नवा कर्नल उतरलेला असतो, रीबूट करायला कुणी धजत नाही. वीज जाऊन यूपीएसनेही मान टाकली की मगच तो चालू होतो. सोलापुरातलं पॅच मॅनेजमेंट महावितरणच्या भरवशावर आहे.

बूटलोडरचंही तेच रडगाणं. २०२० मध्ये बूटहोल नावाचं भोक निघालं तेव्हा दर डिस्ट्रोचा ग्रब (बूटलोडर) वेगळा, त्याआधी चालणारा शिमही वेगळा, म्हणून ३ सर्टिफिकेटं आणि १५० हॅश यूईएफआयच्या (मशीनच्या फर्मवेअरच्या) नकारयादीत घालावे लागले. ३२ केबीची जागा, त्यातली १० केबी एका फटक्यात गेली. म्हणून पुढे एसबॅट नावाचा पिढी मोजणारा प्रकार काढला. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या अपडेटने तोच एसबॅट पुढे सरकवला आणि ड्युअल बूटवाल्या मशीनांनी "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" म्हणून मान टाकली. ज्यांनी शिम वेळेत नवं केलं नव्हतं त्यांची. मग सिक्युअर बूट (सही असलेलंच चालू देणारी तपासणी) बंद करायचा सल्ला, आणि बंद केलेला सिक्युअर बूट परत कोण चालू करतो?

राहिले लॉग. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर-सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश: घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा. कुठले? लॉगिनच्या नोंदी उबंटूत ऑथ डॉट लॉगमध्ये. आरएचईएलमध्ये त्या फाइलचं नाव सिक्युअर. डेबियन १२ ने लॉग फाइलीत लिहिणारं आरसिसलॉग आपण होऊन बसवणं बंद केलं, त्यामुळे ऑथ डॉट लॉग नाही, आणि फेलटूबॅन बसवलं की सुरूच होत नाही. बॅकएंड सिस्टमडी करा, पायथन३-सिस्टमडी टाका, मग उठतं. या सगळ्या भाऊबंदांचं एकमत एकाच गोष्टीवर आहे: लॉगच्या फाइली फिरवणारं लॉगरोटेट दर आठवड्याला, आणि चार झाले की जुना पुसायचा. डेबियन-उबंटूत, आरसिसलॉग असेल तिथे, लॉगरोटेट डॉट डीमधली आरसिसलॉगची फाइल, आरएचईएलमध्ये लॉगरोटेट डॉट कॉन्फ. दोन्हीकडे ४ चं २६ (आठवडे) करा, आणि डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा.