सारांशात कावळा तहानलेलाच राहिला

दहावीला मराठी शिकवायचं म्हणजे वर्षातून एकदा तरी सारांशलेखन शिकवावं लागतं, आणि तो आठवडा जवळ आला की माझं डोकं आधीपासूनच दुखायला लागतं. तशी बोर्डाने पोरांची सोय करून ठेवलीये. कृतिपत्रिकेत पत्र लिहा किंवा सारांश लिहा, दोन्हीला मार्क ६च. त्यामुळे बहुतेक सगळे पत्रावर उडी मारतात. पत्राचं कसं, दिनांक, प्रति, विषय, माननीय महोदय आणि खाली आपला विश्वासू, एवढ्यात निम्मं पान भरतं. सारांशात उलट कमी लिहायचं असतं, आणि पहिलीपासून "सविस्तर लिहा, पान रिकामं सोडू नका" ऐकत आलेल्या पोरांना कमी लिहा सांगितलं की त्यांना वाटतं बाई काहीतरी डाव टाकतायत.

नियम सोपाय. अपठित उतारा वाचायचा आणि त्याचा एक तृतीयांश सारांश आपल्या शब्दांत लिहायचा, म्हणजे उतारा १५० शब्दांचा असेल तर सारांश साधारण ५० चा. पण एक तृतीयांश म्हटलं की मराठीच्या तासाला गणित सुरू होतं, पेन्सिलीने शब्दांवर टिंबं पडायला लागतात आणि मागून प्रश्न येतो, "बाई, 'आणि' धरायचा का?"

म्हटलं सरावाला अगदी सोपं काहीतरी घेऊ, तहानलेल्या कावळ्याची गोष्ट. एकाने लिहिलं, ऊन खूप होतं, कावळ्याला तहान लागली, तो पाणी शोधत इकडेतिकडे उडू लागला. संपलं. मडकं नाही, खडे नाहीत, कावळा अजून हवेतच! विचारलं तर म्हणतो, "बाई, एक तृतीयांश झाला म्हणून थांबलो." दुसरीने 'तुमच्या शब्दांत' हे फारच मनावर घेतलं आणि लिहिलं, "तृषार्त काकाने घटात पाषाण टाकले." हे मोठ्याने वाचलं तर पुढच्या बाकावरून लगेच, "कुणाच्या काकाने?" आणि तिसऱ्याचा सारांश मूळ गोष्टीच्या दुप्पट, कारण त्यात पाणी हेच जीवन, वृक्षतोड, जलसंवर्धन काळाची गरज असं सगळं आलं होतं, कावळा तेवढा राहून गेला.

गंमत म्हणजे काल गैरहजर असलेला पोरगा आज शेजारच्याला विचारतो, "मराठीच्या तासाला काय झालं रे?" आणि शेजारचा सांगतो, "काही नाही, बाई ओरडल्या." ३५ मिनिटांचा तास चार शब्दांत, आणि एकही मुद्दा सुटलेला नाही.

मग येतं स्वमत. तुमचं मत द्या, पण ते पाठातलं काहीतरी दाखवून द्या, एवढंच मागणं असतं. पोरं लिहितात, "मला हा पाठ खूप आवडला कारण तो खूप छान आहे." मी लाल पेनाने लिहिते, 'आधार कुठे?' तर एकजण वही घेऊन आला, "बाई, झेरॉक्स ऑफिसात दिलीये की!"

समजावून सांगितल्यावर पोरं दुसऱ्या टोकाला. आता प्रत्येक वाक्याआधी 'लेखक म्हणतात', मग ते गोष्टीतलं कुणीही बोललेलं असो. एका वहीत तर "लेखक म्हणतात, 'साहेब, चोरी मीच केली'" असंच होतं, बिचाऱ्या लेखकाला थेट जेलमध्ये टाकलं. म्हणून फळ्यावर लिहून दिलं: आधी कोण, कुठे, कधी बोललं ते सांगा, मग त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरण चिन्हात, मग त्यावरून काय कळतं ते. वर्ग ढिम्म.

तेवढ्यात मधल्या सुट्टीनंतर एकजण रडवेला होऊन आला. "बाई, आत्ता मैदानावर, माझा बॉल लागल्यावर, हा सगळ्यांसमोर म्हणाला, 'तुझ्या बापाचं मैदान आहे का', विचारा सगळ्यांना, म्हणजे बाई याने माझे पप्पा काढले!" अरे बाबा, कोण, कुठे, कधी, नेमके शब्द, त्याचा अर्थ, सगळं आलं की! म्हटलं आत्ताच्या आत्ता हे वहीत लिही. त्याला वाटलं शिक्षाच दिली, पण लिहिलं. "लेखक म्हणाला, 'तुझ्या बापाचं मैदान आहे का.'"

चाचणीचे पेपर वाटले त्या दिवशी मात्र एक मुलगी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी, टेबलाशी आली. "बाई, दुसऱ्या पानावर, सारांशाच्या खाली तुम्ही लिहिलंय, 'नेमकं आणि सुंदर'. यावरून तुम्हाला माझा सारांश आवडला असं दिसतं. मग ६ पैकी ४ कसे?"

मी पेपर उलटसुलट करून बघितला, शुद्धलेखनाच्या चुका शोधल्या, एक सापडली पण ती धरण्यासारखी नव्हती, आणि गुपचूप ५ केले. मान वर केली तर टेबलापासून दारापर्यंत रांग लागलेली, प्रत्येकाच्या हातात पेपर आणि प्रत्येकाचं बोट माझ्याच लाल शाईवर.