तुकडे पाडले म्हणजे काम वाटले गेले, असे नव्हे

संशोधनासाठी क्लस्टर (एकत्र जोडलेल्या संगणकांचा समूह) वापरणाऱ्यांमध्ये एक दावा सर्रास फिरतो : प्रतिमा कितीही मोठी असो, तिचे तुकडे पाडून हजार नोडांना (समूहातल्या संगणकांना) वाटावेत आणि निकाल जोडावेत, सेगमेंटेशन (प्रतिमेतली प्रत्येक पेशी वेगळी ओळखून दाखवणे) हजारपट लवकर उरकते, आणि ते करणारे संगणकीय मॉडेल ९९ टक्के अचूक असेल तर माणसाने तपासण्याचीही गरज उरत नाही. मेंदूच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेल्या प्रतिमांवर हा दावा टिकत नाही.

तुकडे स्वतंत्र असतात, हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. हार्वर्ड आणि गूगल यांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला मानवी मेंदूचा नमुना जेमतेम एक घन मिलिमीटरचा होता, तरी त्याची विदा (डेटा) १.४ पेटाबाइट, म्हणजे सुमारे १४ लाख गिगाबाइट भरली. अशा विदेत एखादा लांब अक्षतंतू (चेतापेशीचा संदेश वाहून नेणारा धागा) शेकडो तुकड्यांतून जातो आणि प्रत्येक नोड आपल्या वाट्याच्या भागाला स्वतःचा क्रमांक देतो. त्यामुळे शेजारचे तुकडे काठाशी एकमेकांवर चढवून घ्यावे लागतात, त्या सामाईक पट्ट्यात कोणते क्रमांक एकाच पेशीचे आहेत हे ठरवावे लागते आणि अशा सर्व जोड्यांचा मेळ शेवटी एकत्रच घालावा लागतो. हे नाते संक्रामक असते : ‘अ’ ‘ब’शी आणि ‘ब’ ‘क’शी जोडला गेला की ‘अ’ आणि ‘क’ आपोआप एक होतात. म्हणून एका कोपऱ्यातली एकच चुकीची जोड दोन अख्ख्या पेशी एकत्र करून टाकते.

वेगाचे गणितही तसे सरळ नाही. ५१२ वॉक्सेल (त्रिमितीय प्रतिमेचा सर्वांत लहान घटक) बाजूच्या ठोकळ्याला सर्व बाजूंनी ६४ वॉक्सेलची किनार ठेवली, तर प्रत्यक्षात ६४० बाजूचा ठोकळा, म्हणजे जवळजवळ दुप्पट घनफळ हाताळावे लागते. जास्त नोडांना काम पुरावे म्हणून ठोकळा १२८ चा केला, तर तेवढ्याच किनारीमुळे मूळच्या आठपट घनफळ हाताळावे लागते. शिवाय अंतिम जोडणी एकाच यंत्रावर होत असेल आणि मूळ कामाचा ५ टक्के वेळ तिच्यात जात असेल, तर अॅम्डालच्या नियमानुसार (कामाचा जो भाग वाटता येत नाही तो एकूण वेगाची मर्यादा ठरवतो) नोड कितीही वाढवले तरी वेग २० पटींपुढे जात नाही. साठवणुकीच्या एकाच खंडात दोन नोडांनी एकाच वेळी लिहिले, तर एकाचे लेखन पुसले जाऊ शकते, आणि हे बहुधा कोणतीही त्रुटी न दाखवता घडते.

राहिला ९९ टक्क्यांचा प्रश्न. हा आकडा वॉक्सेलांचा असतो, पेशींचा नव्हे. अतिशय बारीक तंतूतले मोजके वॉक्सेल चुकले तर टक्केवारी हलत नाही, पण शाखा तुटते. फळमाशीच्या मेंदूच्या ‘फ्लायवायर’ प्रकल्पात, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३९,२५५ चेतापेशींच्या नकाशासाठी, स्वयंचलित सेगमेंटेशननंतर माणसांनी केलेल्या दुरुस्तीत ३० हून अधिक मनुष्यवर्षे (एका माणसाचे वर्षभराचे काम म्हणजे एक मनुष्यवर्ष) खर्ची पडली आणि तिच्यात संशोधकांबरोबर स्वयंसेवक नागरिकही होते. या श्रमांना अनावश्यक ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

वेगाचे आकडे मांडणाऱ्यांनी निदान एक चाचणी करून तिचा निकाल सोबत द्यावा : एका लहान भागावर ठोकळ्यांची जाळी अर्ध्या ठोकळ्याने सरकवून तेच काम पुन्हा चालवावे आणि किती पेशींची ओळख बदलली ते मोजावे.