टाक्यातलं पाणी प्यायचं असतं रे, त्यात टोप घासायचे नसतात

रविवारी गडावरून आल्यापासून डोकं फिरलंय, आज तिसरा दिवस, तरी उतरत नाहीये, म्हणून लिहून टाकतोय.

पहाटे चारला सायकल काढली. जुना कात्रज घाट, मग हायवे, मग आतला रस्ता, साठेक किलोमीटर मारून साडेआठच्या आसपास पायथ्याच्या गावात पोचलो. नेहमीच्या घरी अंगणात सायकल लावली आणि चढायला लागलो. गडाचं नाव सांगणार नाही, नाव टाकलं की पुढच्या रविवारी तिथे आणखी पन्नास गाड्या जाणार. तर दोन बाटल्या सायकलवरच संपल्या होत्या, तिसरी निम्मी होती ती चढताना संपवली आणि बिनधास्त संपवली, कारण वर बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांच्या अलीकडे डाव्या हाताला एक खांबटाकं आहे, कातळात आतपर्यंत कोरत नेलेलं, दोन खांबांवर छत तोललेलं, आणि ऐन मे महिन्यात सुद्धा त्यातलं पाणी असं गार की दात शिवशिवतात. बारा-तेरा वर्षं मी त्या टाक्याच्या भरवशावर जातोय.

तिथे पोचलो तर सात-आठ पोरं. एक जण टाक्याच्या पायरीवर बसून मॅगीचा करपलेला टोप घासतोय. टाक्याच्या आत. हातात हिरवी घासणी, शेजारी भांड्यांच्या लिक्विडचं पाऊच, आणि तो पांढरा फेस हळूहळू सरकत आतल्या खांबापर्यंत गेलेला, त्यावर मॅगीचे तुकडे आणि वाटाणे तरंगतायत. त्या अंधाऱ्या गार जागेत लिंबाच्या साबणाचा वास. दुसरा एक जण बर्मुड्यावर पाण्यात उतरून खांबाला धरून उभा आणि तिसरा त्याचं शूटिंग करतोय. स्पीकर चालू होता हे वेगळं सांगायला नकोच.

मी म्हटलं, अरे हे प्यायचं पाणी आहे. तर तो टोपवाला अगदी शांतपणे, उद्धटपणे पण नाही, म्हणाला, "काका, एवढं पाणी आहे, टोपभर साबणाने काय होतंय?"

एवढं पाणी! च्यायला, हे "एवढं पाणी" आलं कुठून हे एकदा तरी डोक्यात येतं का? ती नदी नाहीये बाबा. कातळात छिन्नी-हातोड्याने कोरलेला हौद आहे तो. ज्या टाक्याला आतून झरा असतो त्याचं नशीब वेगळं, पण बाकीच्यांत पावसाळ्यात जे साठलं तेवढंच, नंतर पुढच्या जूनपर्यंत थेंब येत नाही. आत्ता फेब्रुवारी चालू आहे. म्हणजे तुझा साबण आता चार महिने तिथेच राहणार, वाहून जायला वाटच नाही त्याला. आणि छत ठेवून कोरलेलं असतं ते काय फोटोसाठी नाही, ऊन लागू नये, पाणी कमी उडावं, शेवाळ धरू नये म्हणून असतं. कित्येक गडांवर टाकी एकाला एक लागून असतात, पहिल्यात गाळ बसतो आणि वरचं निवळ पाणी पुढच्यात जातं. आणि टाकं खोदताना निघालेला दगड त्याच गडाच्या तटाला वापरलेला. एका खोदकामात पाणी पण आणि भिंत पण. ही अक्कल त्या लोकांना होती.

आणि पाण्याशिवाय गड म्हणजे नुसता डोंगर. नाशिकजवळचा रामशेज बघा, केवढासा किल्ला तो, औरंगजेबाच्या फौजेपुढे पाच वर्षांहून जास्त तग धरून राहिला. वर प्यायला पाणी नसतं तर पाच आठवडे तरी राहिला असता का? शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी, सिंहगडचं देवटाकं, लोक आजही तिथलं पाणी तोंडात घेतल्यावर गप्प होतात दोन सेकंद. नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळातली टाकी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासची. दोन हजार वर्षं वाटसरूला पाणी पाजलेल्या गोष्टीला आपण एका सुट्टीच्या दिवशी सिंक करून टाकतो.

मला जास्त लागलं कारण त्याच टाक्याचा गाळ आम्ही काढलाय. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, सलग चार रविवार. पंधरा-वीस जण, सगळे नोकरीवाले. आत उतरून फावड्याने गाळ भरायचा, घमेलं हातोहात वर द्यायचं, वरचा ते लांब नेऊन ओतणार. पाठीचा काटा ढिला होतो. त्या गाळातून काय काय निघालं ते सांगतो, गुटख्याच्या पुड्या किती ते मोजायचं सोडून दिलं, पाण्याच्या बाटल्या, एका पायाची चप्पल, चमचे, लहान मुलाचं डायपर, आणि बियरच्या बाटल्यांच्या काचा. काचा गाळात दिसत नाहीत. आमच्यातल्या एकाच्या तळपायात अडीच इंच घुसली, त्याला पाठुंगळी घेऊन खाली उतरवला, सहा टाके पडले. पुढच्या रविवारी तो लंगडत परत आला, वर बसून घमेली मोजत होता. शेवटच्या दिवशी तळाचा कातळ लागला, त्यावरचे छिन्नीचे तिरके घाव हाताला लागत होते, एकसारखे, जवळजवळ, कुणीतरी तिथे बसून एकेक घाव घातलेला. मी बराच वेळ त्या घावांवरनं हात फिरवत बसलो होतो. जूनमध्ये पाऊस पडला, टाकं भरलं, आम्ही सगळे परत गेलो आणि त्या पाण्याचा चहा केला. बाजूला, चूल टाक्यापासून लांब.

आणि हे टोप घासणारे कोण होते माहितीये? पाठीवर महाराजांचं चित्र असलेले टी-शर्ट. सेम टी-शर्ट, सगळ्यांनी मिळून छापून घेतलेले. दरवाज्यात घोषणा दिल्या असणार, फोटो काढले असणार. अरे पण आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, रामचंद्रपंत अमात्यांनी लिहून ठेवलंय की गड बांधायचा तर आधी पाणी बघा, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करा, झरा असला तरी त्यावर निश्चिंत राहू नका. आणि केराचं सुद्धा लिहिलंय, की गडावर केर पडू द्यायचा नाही, गडाखाली पण ढकलायचा नाही, जागच्या जागी जाळायचा आणि ती राख परसात टाकून भाजी पिकवायची! तीनशे वर्षांपूर्वी राखेचा सुद्धा हिशोब होता. आणि तुम्हाला एक टोप घरी नेऊन घासता येत नाही? उष्टा टोप पिशवीत घालून सॅकमध्ये टाकायला कितीसा त्रास होतो?

कुणी म्हणेल बोर्ड लावायला पाहिजे. आहे बोर्ड. "पिण्याचे पाणी" असं मोठ्या अक्षरात आहे, टाक्यापासून चार पावलांवर, त्याच्यावरच यांचे टॉवेल वाळत होते. कुणी म्हणेल कचराकुंडी नाही. गडावर कुंडी ठेवली तर ती रिकामी करायला कोण चढणार रोज? वर नेताना भरलेली बाटली जड नव्हती, मग रिकामी खाली आणताना जड होते का? हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यात ती पिंडी आहे, तिथे लोक देवाभोवती पाणी उडवत रील काढतात. जुलै 2025 मध्ये आपले किल्ले जागतिक वारशात गेले तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, छाती फुगवली, मी पण ठेवला होता, मनापासून ठेवला होता. पण रायगड, राजगड, शिवनेरी यादीत आले तशी गर्दी वाढणारच, आणि यादीतले ते बारा किल्ले सोडून बाकीच्या शेकडो किल्ल्यांवरच्या टाक्यांकडे बघायला कोण आहे?

भांडलो मी. पोरं निघून गेली, जाताना एक जण सॉरी म्हणाला, पण फेस काही त्यांच्याबरोबर गेला नाही. माझ्याकडे पाणी शून्य, ऊन चढलेलं, उतरायला दीड तास आणि पुढे साठ किलोमीटर सायकल.

दरवाज्याशी ताक-भजी विकणाऱ्या मावशी बसतात. त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, मावशी, तुम्ही पाणी कुठलं वापरता? आधी त्या त्याच टाक्यातून भरायच्या, मी स्वतः बघितलंय.

म्हणाल्या, "आवो दादा, त्या टाक्यात आता गुरंबी तोंड घालत न्हाईत. गेल्या वर्साधरनं खालनंच आनते."

खालून म्हणजे गावातून. वीस लिटरचा कॅन, डोक्यावर, तो सगळा चढ, साठीच्या पुढची बाई, दर शनिवारी आणि रविवारी. आणि तेच पाणी ताकात घालून टोप घासणाऱ्यांना वीस रुपयाला ग्लास.

मी बाटली पुढे केली, पाण्याचे पैसे द्यायला लागलो तर हात मागे सारला. "पान्याचं पैसं घेत्यात व्हय." आणि कॅन वाकडा करून माझी बाटली भरायला लागल्या. अर्धी झाल्यावर मी बास म्हटलं, तरी त्यांनी गळ्यापर्यंत भरली.