स्प्लिटसाठी मी कुणालाही दाबणार नाही

नमस्कार. मी नृत्य कसं शिकवते यावरच्या माझ्या लेखावर आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, एकेकट्याला शिकवायचे जास्त पैसे घ्यायचे आणि पहिले दोन महिने स्क्वॉट, प्लँक, टाचा उचलणं यांतच घालवायचे, हे काही नृत्य नव्हे. तुमच्या गुरूंनी पाठीवर बसून स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून जमिनीला टेकवणं) बसवून घेतला आणि तुम्हाला काही झालं नाही.

तुम्हाला काही झालं नाही हे ऐकून खरंच बरं वाटलं. मला झालं. १५व्या वर्षी "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत माझे खांदे दाबले गेले आणि ज्या हाडावर आपण बसतो तिथे कट्कन आवाज आला. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, तिथूनच सुरू होतात. त्या वयात तिथला हाडाचा भाग मुख्य हाडाशी पुरता जुळलेला नसतो, त्यामुळे जोराची ओढ बसली की स्नायू फाटायच्या आधी हाडाचा तुकडाच निघून येऊ शकतो. माझा आला. पुढे कित्येक महिने मला कठीण बाकावर बसता येत नव्हतं. दाबणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मला पुढे न्यायचीच त्यांना घाई होती. पण दाबणाऱ्याला समोरच्याच्या आत काय ताणलं जातंय ते कळत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले.

आता व्यायामाबद्दल. माझ्याकडे आलेली एक मुलगी हाताने पाय धरून तो थेट कानापाशी न्यायची. मी म्हटलं, "आता हात सोड." पाय सर्रकन कमरेएवढा खाली आला आणि कंबर एका बाजूला कलली. कान ते कंबर या अंतरात तिचा पाय जात होता, पण तो तिच्या ताब्यात नव्हता. नाचताना पाय धरायला हात मोकळा नसतो. म्हणून आम्ही ताणणं थांबवलं आणि पाय कमरेच्या जरा वर, हात न लावता, पाच सेकंद धरून ठेवण्यावर आलो. दिसायला अगदी साधं, पण तिसऱ्याच वेळी तिची मांडी थरथरायला लागली. या कामाला तुम्ही "जिमची कवायत" म्हणालात. माझ्या लेखी नृत्य इथूनच सुरू होतं.

आणि एकेकट्याला का, तर खुब्यांसाठी. पालथं झोपवून, एक गुडघा काटकोनात वाकवून, कंबर न हलवता पोटरी आतल्या बाजूला झुकू दिली की खुबा बाहेरच्या बाजूला किती फिरतो ते दिसतं. कुणाचा ६० अंश, कुणाचा ४०. हा फरक बराचसा हाडांच्या घडणीचा असतो, मेहनतीचा नाही. भरतनाट्यमची अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) असो की बॅलेचा टर्नआउट (पाय खुब्यातून बाहेर वळवणं), पावलं १८० अंशांत उघडायचा हट्ट धरला तर खुब्यातून न मिळालेलं उरलेलं सगळं गुडघ्यातून आणि घोट्यातून पिळून काढावं लागतं. गुडघ्याला ती पीळ सोसत नाही. वीस जणींच्या वर्गात मला फक्त पावलं दिसतात, गुडघा कुठल्या बोटाच्या रेषेत आहे ते दिसत नाही.

एक मात्र तुमचं पूर्ण पटलं. माझ्या लेखात ताल आणि अभिनय यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. प्रत्यक्षात तासातला निम्मा वेळ त्यातच जातो, पण मी लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला कसं कळणार? आणि सगळ्यांनी मिळून नाचण्यातली जी मजा असते ती एकट्याच्या शिकवणीत नाही. माझ्या विद्यार्थिनींनी गटातही नाचावं असंच मी सांगते.

शेवटी तुमच्या मुलीबद्दल. स्प्लिट कधी येईल याची तारीख मी देऊ शकत नाही. ती अकरा वर्षांची आहे म्हणालात, म्हणजे उंची झपाट्याने वाढायचे दिवस जवळ आहेत. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. त्या काळात आधी जमणाऱ्या गोष्टीही जमेनाशा होतात आणि मुली घाबरून जास्त ताणतात. दर महिन्याला उंची मोजा. भराभर वाढताना दिसली तर उड्या आणि जोराचं ताणणं कमी करा, ताकदीचं आणि तोलाचं काम चालू ठेवा. बराच वेळ धरून ठेवायचं स्ट्रेचिंग उड्यांच्या आधी नको, तासाच्या शेवटी, अंग गरम असताना करू द्या. मांडीच्या मधोमध ओढ जाणवली तर चालेल. बसायच्या हाडापाशी, गुडघ्याच्या मागे किंवा खुब्यात पुढून टोचतंय म्हणाली तर तिथल्या तिथे थांबवा, मग शिकवणारं कुणीही असो.